ठेवलेले नाव, घेतलेले नाव

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. १९९८ साली रत्नागिरीत, 'कुर्रर्र' करून भाच्याचे नाव मीच सांगितले होते. परवा कळले, की इंटरनेटवर तो त्या नावाने वावरतच नाही. खाते उघडताना त्याने मी ठेवलेले नाव टाकून पाहिले; ते आधीच कोणीतरी घेतलेले निघाले. मग स्वतःचे बारसे त्याने स्वतःच उरकले.

मला रागच आला. पण ही रीत आपल्या जिल्ह्यात जुनी आहे. १८६६ साली मालगुंडला जन्मलेले कृष्णाजी केशव दामले 'केशवसुत' झाले. मराठी कवितेला नवे वळण देणाऱ्या या माणसाने नाव घेताना मात्र वडिलांचे बोट धरले. गडकरी 'गोविंदाग्रज' झाले. शिरवाडकर पाळण्यातले गजानन, दत्तक गेल्यावर विष्णू, आणि स्वतःच्या मर्जीने झाले कुसुम या बहिणीचे थोरले भाऊ. १९९४ साली मालगुंडच्या केशवसुत स्मारकाचे उद्घाटन कुसुमाग्रजांच्याच हस्ते झाले. नाव निवडायची मोकळीक मिळाली, तर माणूस नाते शोधतो, असे मला या नावांवरून वाटते. अपवाद आहेच. वेंगुर्ला रत्नागिरी जिल्ह्यात होते त्या काळातले तिकडचे चिं. त्र्यं. खानोलकर 'आरती प्रभू' झाले. त्यात ना बाप, ना भाऊ, उलट बाईचे नाव.

ही मोकळीक मुख्यतः पुरुषांची, हे सांगितलेच पाहिजे. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या टिळकांचे नाव केशव. पण घरचे 'बाळ' हेच टिकले. त्यांच्या पत्नी दापोलीजवळच्या लाडघरच्या. माहेरची तापी लग्नानंतर सत्यभामा झाली. तापीला कोणी विचारले असेल, असे मला वाटत नाही.

माझ्या आईलाही नाही विचारले. ताम्हणातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि चंपा संपली. घरात ते नाव पुन्हा कोणी उच्चारले नाही. मला ते मामाकडून कळले. बोलता बोलता कधीतरी मी भाच्याला सांगितले असेन.

"मग तू काय घेतलंस?" मी विचारले. त्याने फोनच पुढे केला.

'चंपानातू९८'.

"आत्या, एकच घोटाळा होतो," तो म्हणाला. "सगळे विचारतात, तुम्ही कुठले नातू?"