आरपार दिसणारं ठिगळ

कार्तिकी एकादशीला चार-पाच दिवस होते. दिवाळीच्या सुट्टीला जोडून मी गावीच थांबलो होतो. घरातल्या खाटेवर लॅपटॉप मांडून पुण्यातल्या ऑफिसचं काम चाललं होतं. आमचं गाव नारायणगडाच्या जवळ. गडावर नगद नारायण महाराजांचं संस्थान आहे आणि बीड जिल्ह्यात त्याला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. ज्यांना पंढरपूर गाठणं जमत नाही ते एकादशीला गडावर येतात. अण्णांची जुनी बोलेरो त्या दिवशी पहाटेपासून फेऱ्या मारते. वर्षातल्या चांगल्या कमाईच्या दिवसांपैकी तो एक.

त्या संध्याकाळी गडावरून उतरताना पुढे खडीनं भरलेला टिप्पर होता. ‘टक’ असा आवाज झाला, आणि माझ्या बाजूच्या काचेवर एक चांदणी उगवली. मध्ये हरभऱ्याच्या डाळीएवढा टवका, त्यातून निघालेले चार बारीक पाय.

“गेली काच,” अण्णा म्हणाले.

“गेली नाही अण्णा. टवका भरता येतो. घरी पण करता येतं.”

“काचेला ठिगळ लावतेत व्हय रं कुठं?”

प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर शोधताना मी दोन-तीन रात्री जागलो. ठिगळ लावायचं, पण त्यातून आरपार दिसलं पाहिजे. गाडीच्या समोरच्या काचेचा सगळा इतिहास म्हणजे अशा ठिगळाचा शोध आहे, असं मला आता वाटतं.

*

खरं तर काचेला ठिगळ आमच्याच घरात लागलेलं आहे. माझे आजोबा ऊसतोडीला कराडच्या बाजूला जायचे. तिकडून आणलेला एक प्रभाकर कंदील अजून माळवदावर आहे. पेटलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकायची. नवी काच आणायला पैसे नसायचे. मग आजी कणकेची खळ करून चिरेवर कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टी ज्योतीच्या आचेनं तपकिरी व्हायची, घरात तेवढ्या भागाची सावली पडायची, पण काच आणखी एक हंगाम निघायची.

हा कंदील कराडजवळच्या ओगलेवाडीचा. ओगले बंधूंनी १९१६ मध्ये तिथं काचेचा कारखाना काढला, आणि पुढे त्यांचा ‘प्रभाकर’ घराघरांत पोचला. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला होता. माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारायचा ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, आणि टिळकांनी तिला बळ दिलं होतं. काच ही तेव्हा परदेशातून येणारी वस्तू होती. ती इथं बनवणं हे स्वदेशीचं काम होतं.

तळेगावात लोकांच्या पैशापैशातून भट्टी पेटत होती, साधारण त्याच काळात पॅरिसमध्ये फुटलेल्या काचेचा वेगळा विचार चालला होता.

*

एदुआर बेनेदिक्तुस हा फ्रेंच माणूस चित्रकारही होता आणि रसायनांचे प्रयोगही करायचा. १९०३ मध्ये त्याच्या हातून काचेचं एक पात्र खाली पडलं. ते तडकलं, पण तुकडे विखुरले नाहीत. आतमध्ये पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण होतं. ते वाळून आतून पातळ पापुद्रा धरला होता आणि त्या पापुद्र्यानं तुकडे जागच्या जागी धरून ठेवले होते. पुढे मोटारींच्या अपघातांत काचेनं माणसं चिरली जातात हे वाचल्यावर त्याला ते पात्र आठवलं, असं सांगतात. १९०९ मध्ये त्यानं पेटंट घेतलं. काच, मध्ये सेल्युलॉइडचा पापुद्रा, पुन्हा काच. तीन थर म्हणून नाव ‘ट्रिप्लेक्स’.

आजीची पट्टी बाहेरून आणि फुटल्यावर लागायची. बेनेदिक्तुसनं ती फुटण्याआधीच आत घालून ठेवली.

पहिल्या महायुद्धात ही काच वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांना लागली. १९२७ च्या अखेरीस बाजारात आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’मुळे ती सामान्य माणसाच्या गाडीत आली. पण सेल्युलॉइड उन्हानं पिवळं पडायचं. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्या जागी पॉलिव्हिनाइल ब्युटिरल, म्हणजे पीव्हीबी आलं. आजही तेच आहे: बहुतेक गाड्यांत साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये पाऊण मिलिमीटरचा पीव्हीबीचा थर.

दुसरा रस्ता त्याहून जुना होता. १८७४ मध्ये द ला बास्ती या फ्रेंच माणसानं तापलेली काच झटकन थंड करून कणखर करायची पद्धत काढली. आपण तिला ‘टफन्ड’ म्हणतो. बसच्या खिडक्यांना, मोबाइलवरच्या काचेला हाच शब्द लागतो. ती सहजी फुटत नाही, पण फुटली की सगळीच्या सगळी साबुदाण्यासारखी होते.

मी हे सांगत होतो तेव्हा अण्णा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि डाव्या भुवईवरची खूण दाखवली. ती खूण मी लहानपणापासून बघतोय. पडले असतील, असं धरून चाललो होतो.

१९८८ च्या सुमाराला अण्णा एका ट्रकवर क्लीनर होते. रात्री समोरच्या चाकाखालून दगड उडाला आणि अख्खी काच एकदम पांढरीफटक झाली. ड्रायव्हरला काही म्हणजे काही दिसेना. त्यानं मुठीनं काचेला भोक पाडलं. ट्रक थांबेपर्यंत उरलेली काच वाऱ्यानं आत आली.

“दिसंना हेच वंगाळ,” अण्णा म्हणाले. “लागलेलं कळलंच न्हाई. पण दिसंना म्हणल्यावर माणूस मेल्यावानीच.”

त्यानंतर १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम आले. त्यातल्या नियम १०० नुसार, तीन वर्षांनंतर बनणाऱ्या गाड्यांची समोरची काच लॅमिनेटेडच हवी असं ठरलं. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, हेही त्याच नियमात आहे. काळ्या फिल्मवरून आपण भांडतो तो नियम हाच. अण्णांच्या भुवईवरची खूण या नियमाच्या अलीकडची आहे, आणि बोलेरोची काच पलीकडची. म्हणून टिप्परच्या खडीनं आम्हाला चांदणी मिळाली, पांढरा अंधार मिळाला नाही.

*

चांदणी आहे तर आहे, भरायची कशाला? याचं उत्तर ॲलन ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरनं दिलं. तो फार्नबरोला विमानांच्या संशोधन केंद्रात काम करायचा. १९२१ मध्ये त्याचा निबंध छापून आला तेव्हा तो तिशीच्या आतलाच होता, माझ्यासारखा. हिशेबानं काच जेवढी बळकट असायला हवी त्याच्या कितीतरी कमी ताणात ती फुटते. का? कारण तिच्यात आधीपासून बारीक चिरा असतात आणि सगळा ताण चिरेच्या टोकाशी गोळा होतो. चीर चौपट लांब झाली की काच निम्म्या ताणात फुटते. म्हणजे चीर जितकी वाढते तितकं तिला वाढणं सोपं जातं.

त्याआधी, १९१३ मध्ये, चार्ल्स इंग्लिसनं जहाजांच्या पत्र्यांचा विचार करताना दाखवलं होतं की भोकाचं टोक जितकं अणकुचीदार तितका तिथं ताण जास्त. आपल्याकडचा वेल्डर तडकलेल्या पत्र्यात चिरेच्या टोकाला ड्रिलनं गोल भोक पाडतो, त्यामागचं कारण हेच. टोक बोथट झालं की चीर अडखळते.

तिसरी गोष्ट पाण्याची. १९६७ मध्ये अमेरिकेच्या शेल्डन वीडरहॉर्ननं मोजून दाखवलं की हवेतला ओलावासुद्धा चिरेच्या टोकाशी पोचून काचेचे बंध तोडायला मदत करतो. म्हणून टवका उडाला की पहिलं काम पारदर्शक चिकटपट्टी लावणं. धूळ आणि दव आत जाऊ द्यायचं नाही. आमच्याकडे कार्तिकात पहाटे काचेवरून दव ओघळतं.

टवका भरायची रीत मात्र बरीच उशिरा आली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रँक वर्नर या रसायनतज्ज्ञानं चिरेतली हवा ओढून घेऊन तिथं रेझिन भरायची युक्ती काढली. १९७२ मध्ये मिनेसोटात जेराल्ड किनाथ यांनी याच कामासाठी ‘नोव्हस’ ही कंपनी काढली. आपल्याला चीर दिसते ती आतल्या हवेमुळे. काच आणि हवा यांतून प्रकाश वेगवेगळा वाकतो. रेझिन मात्र प्रकाशाला जवळजवळ काचेइतकंच वाकवतं, म्हणून ते भरलं की चीर डोळ्यांना नाहीशी होते. आजीच्या कागदात नव्हता तो गुण हाच.

*

ऑनलाइन मागवलेलं चारशे रुपयांचं किट दोन दिवसांनी बीडहून घेऊन आलो. गाडी लिंबाखाली लावली. सावली महत्त्वाची, कारण रेझिन उन्हातल्या अतिनील किरणांनी घट्ट होतं. उन्हात भरलं तर चिरेच्या पायांत उतरायच्या आधीच थिजतं. तापलेली काचही नको आणि ओलीही नको. टवक्यातला सुटा चुरा टाचणीनं अलगद काढला. आतून काचेवर नख फिरवून पाहिलं. आतला थर शाबूत होता. तो तडकला असता तर तिथंच थांबायचं असतं.

मग रबरी चोखण्यांचं स्टँड बसवलं, मध्ये नळी, नळीत रेझिनचे तीन थेंब. दट्ट्या वर ओढला की हवा निघते, खाली दाबला की रेझिन शिरतं. ओढा, थांबा, दाबा, थांबा. तीन पाय लवकर भरले. चौथा पाय चांदीसारखा चमकत राहिला, म्हणजे आत हवा अडकलेली. अर्ध्या तासानं तोही विझला. वरच्या खड्ड्यात एक थेंब, त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा, आणि गाडी उन्हात. शेवटी ब्लेड उभं धरून वरचा पापुद्रा खरवडला. चांदणीच्या जागी आता पावसाचा थेंब वाळल्यासारखा डाग होता.

अण्णांनी आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं, अंगठा फिरवला. “बुजली की रं!”

मग त्यांनी मला त्यांच्या बाजूला नेलं. स्टिअरिंगच्या समोर, खालच्या कडेच्या रबरातून एक चीर वर आलेली होती, वीतभर. उन्हाळ्यापासूनची. “हिच्यात बी सोड थोडं.”

बाटलीत रेझिन उरलेलं होतं. गॅरेजवाल्यानं नव्या काचेचे सात हजार सांगितले होते. विमा फक्त थर्ड पार्टी, त्यात काच बसत नाही. आणि एकादशी परवावर आलेली. मी दट्ट्या हातात घेतलाही होता.

पण कडेची चीर वेगळी. काचेच्या कडेला बनतानाचाच ताण उरलेला असतो, शिवाय खराब रस्त्यावर गाडीचा सांगाडा पिळवटला की तो ताण कडेवरच येतो. चीर वीतभर, म्हणजे ग्रिफिथच्या हिशेबानं आधीच बळावलेली. सहा महिन्यांची धूळ आणि पाणी पिऊन बसलेली. आणि नेमकी डोळ्यांसमोर. ब्रिटनमध्ये गाड्यांच्या वार्षिक तपासणीत स्टिअरिंगसमोरच्या २९० मिलिमीटर रुंद पट्ट्यात १० मिलिमीटरहून मोठं नुकसान असेल तर गाडी नापास होते. वायपर फिरतो त्या उरलेल्या भागात ४० मिलिमीटरपर्यंत चालतं. चांगलं भरलं तरी रेझिनचा थोडा डाग राहतोच, आणि रात्री समोरच्या दिव्याचा प्रकाश त्यावर फुटतो.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. माझ्या चांदणीचं काम त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या चिरेबद्दल मी फक्त बोलत होतो. मग मी आईकडून नेलपॉलिश आणलं आणि चिरेच्या टोकाला एक लाल टिंब दिलं. म्हटलं, सकाळी बघू.

सकाळी दव पुसून अण्णाच आधी काचेपाशी गेले. चीर टिंबाच्या पुढे दोन बोटं गेली होती. गाडी रात्रभर जागेवरून हललीसुद्धा नव्हती. नुसत्या गारठ्यानं तिनं तेवढी वाट काढली होती. अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग भुवईवरून हात फिरवत म्हणाले, “ही थांबायची न्हाई. उद्या गाडीत पंधरा मान्सं असत्यात.”

निम्मे पैसे मी दिले, निम्मे त्यांनी. मला सगळे देऊ देईनात. त्याच दुपारी बीडला काच बदलली. चिकटवलेली काच घट्ट व्हायला वेळ द्यावा लागतो, म्हणून एकादशीच्या पहाटेच्या दोन फेऱ्या बुडाल्या आणि उजाडल्यावर पहिली फेरी निघाली. काचवाल्यानं जुनी काच भिंतीला टेकवून ठेवली होती. उतरवताना कडेची चीर पार वरपर्यंत गेली होती. माझी चांदणी तिच्यापासून हातभर अंतरावर होती. तिचा एकही पाय पुढे सरकला नव्हता.

अण्णांनी काचवाल्याला ती जागा बोटानं दाखवली. “हितं टवका होता बघा. पोरानं भरलाय.”