टिपेश्वरच्या जंगलात दिसणारा ‘टूकान’ नेमका कोण?

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात लोक जातात ते वाघ बघायला. पण वड-पिंपळाच्या फांदीवर मोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी दिसला, की अनेकांना टीव्हीवर पाहिलेला टूकान आठवतो. टिपेश्वरमधला हा पक्षी मात्र टूकान नाही. तो आहे राखी धनेश.

टूकान भारतात दिसतो का?

जंगलात नाही. टूकानच्या चाळीसहून अधिक जाती असून त्या सगळ्या मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या आहेत. टूकान सुतार आणि तांबट यांच्या गोतातला, तर धनेश हुदहुदच्या. म्हणजे आपल्याकडे ‘टुक-टुक’ करणारा तांबट टूकानला धनेशपेक्षा जवळचा! फळं तोडायला लांब चोच दोघांनाही सोयीची, म्हणून नातं नसूनही दोघे सारखे वाटतात.

धनेश ओळखायचा कसा?

राखी धनेश साधारण घारीएवढा, करड्या रंगाचा, लांब शेपटीचा असतो. चोचीच्या वर छोटं शिंग असतं, म्हणून त्याला शिंगचोचा असंही म्हणतात. टूकानला असं शिंग नसतं. धनेश बघायचा तर फळांनी लदलेला वड, पिंपळ किंवा उंबर गाठावा. तो फळं खाऊन बिया दूरवर टाकतो, त्यातून नवी झाडं उगवतात.

घरट्याजवळ का जाऊ नये?

साधारण मार्च ते जून हा विणीचा काळ. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, माती वगैरे वापरून तोंड लिंपून घेते. उरते फक्त एक फट. आत ती अंडी उबवते आणि तिची उडण्याची पिसंही गळतात. पुढचे कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला आणि नंतर पिल्लांना भरवतो. नर मारला गेला किंवा माणसांच्या गर्दीला बिचकून यायचा थांबला, तर आतलं कुटुंब उपाशी राहतं. म्हणूनच घरट्याचा फोटो टाकला, तरी ठिकाण सांगू नये.

धोका आणखी कुठून?

धनेशच्या चरबीचं तेल सांधेदुखीवर चालतं, या गैरसमजापायी त्याची शिकार होत आली आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ही शिकार गुन्हा आहे. दुसरा धोका झाडतोडीचा. ढोली तयार व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. बांधावरचं पोकळ झाड निकामी समजून तोडलं, तर धनेशचं घर जातं आणि नव्या रोपाला ती जागा भरून काढायला अनेक दशकं लागतात.