ॲरेची हद्द आणि कंपायलरचा ‘बग’

‘कंपायलरच चुकतोय’ असं म्हणण्याआधी काय काय तपासायला हवं? संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. त्यासाठी २०१३ सालचं एक प्रकरण बघण्यासारखं आहे. पण ते नीट कळायचं तर आधी थोडं मागे जाऊ.

ॲरे म्हणजे ओळीने मांडलेली घरं. आमच्या पलूस भागातली एखादी द्राक्षबाग डोळ्यांसमोर आणा. बागेत १६ ओळी, पुढे बांध. १७वी ओळ मोजायला गेलात की शेजाऱ्याच्या रानात शिरलात. आता या बांधावर राखण कुणी करायची? प्रोग्राम लिहिणाऱ्याने, कंपायलरने, की कुणीच नाही?

टोनी होर यांनी एलियट कंपनीच्या संगणकासाठी अल्गोल ६०चा कंपायलर बनवला, त्यात प्रत्येक वेळी हद्द तपासली जायची. पुढे ग्राहकांना विचारलं, वेगासाठी ही तपासणी बंद करायची सोय देऊ का? ग्राहकच नको म्हणाले. होर यांनी १९८०च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हे सांगितलं आहे. सी भाषेने मात्र उलटी वाट धरली: वेग आधी, राखण तुमची तुम्ही करा. १९८८च्या नोव्हेंबरमध्ये मॉरिस वर्मने ५१२ बाइट्सच्या जागेत ५३६ बाइट्स घुसवले आणि या सवलतीची किंमत सगळ्यांना कळली.

मग सगळीकडे तपासणी का नाही ठेवायची? कारण लाखो वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये तीच तपासणी पुन्हा पुन्हा होते. ही पुनरावृत्ती काढणं हा कंपायलर संशोधनातला मोठा विषय, आणि त्यात मुंबईचा वाटा आहे. एखादं गणित काही वाटांवर आधीच झालेलं असेल तर ते पुन्हा कसं टाळायचं, याची रीत मोरेल आणि रेनव्हाज यांनी १९७९ मध्ये मांडली. आयआयटी मुंबईतले धनंजय ढमढेरे यांनी ती सुधारली; १९९१चा त्यांचा निबंध ती प्रत्यक्षात वापरण्याजोगी करण्याबद्दलच आहे. १९९५ मध्ये कोलते आणि वुल्फ यांनी याच प्रकारचं तंत्र ॲरेच्या हद्दतपासणीला लावलं. तपासणी कमी, सुरक्षितता तेवढीच.

आता २०१३. जीसीसी ४.८ आला आणि स्पेक सीपीयू २००६ या नावाजलेल्या बेंचमार्क संचातला एच२६४रेफ हा व्हिडिओ प्रोग्राम थांबेचना. जुन्या आवृत्तीत चालणारा प्रोग्राम नव्या आवृत्तीत अडकतो, म्हणजे कंपायलरचा बग, असंच कुणालाही वाटेल.

लूप अगदी साधा होता. ॲरेला १६ घरं, क्रमांक ० ते १५. ‘के’ १६ पेक्षा कमी असेपर्यंत फिरायचं आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी ‘के’ एकने वाढवून पुढच्या घरातली किंमत आधीच उचलून ठेवायची. शेवटच्या फेरीत ‘के’ १६ होतो, १६ क्रमांकाचं घर वाचलं जातं, आणि मगच लूप थांबतो. वाचलेली किंमत वापरली जात नाही, म्हणून उत्तर बरोबर यायचं.

नव्या कंपायलरने काय विचार केला बघा. सीच्या मानकानुसार हद्दीबाहेरचं वाचन ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे योग्य प्रोग्राममध्ये ते होतच नाही. इथे १६ घरांच्या ॲरेतून ‘के’ क्रमांकाचं घर वाचलंय, म्हणजे ‘के’ १५च्या पुढे गेलेलाच नाही. म्हणजे ‘के १६ पेक्षा कमी’ ही अट कायम खरी. कायम खरी अट तपासायची कशाला? काढून टाकली. लूप अनंत झाला.

प्रत्येक पायरी तर्काला धरून आहे. जीसीसीच्या मंडळींनी या प्रोग्रामचं नाव घेऊनच आवृत्तीच्या माहितीत इशारा दिला आणि हे विश्लेषण बंद करायचा पर्यायही दिला. गंमत म्हणजे, हद्दीबाहेरचं वाचन पकडणारा ॲड्रेससॅनिटायझरही जीसीसीमध्ये याच आवृत्तीत आला.

मग दोष कुणाचा? मानक म्हणतं, प्रोग्रामचा. पण वर्षानुवर्षं चाललेला कोड एका इशाऱ्यावर मोडणं कितपत योग्य, हा वाद अजून चालू आहे. तुमच्यासाठी त्याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे: ज्या प्रोग्रामवर जगभर कंपायलरचा वेग मोजला गेला, त्यातच हद्द ओलांडलेली होती. बेंचमार्क प्रतिष्ठित आहे म्हणून तो निर्दोष आहे, असं धरून चालू नका.

अशी शंका आली तर क्रम असा ठेवा. आधी प्रोग्राम छाटत छाटत दहा ओळींवर आणा. मग ऑप्टिमायझेशन बंद करून आणि चालू ठेवून फरक बघा. सॅनिटायझर लावा. त्यानंतर प्रत्येक टप्प्यानंतरचा डम्प काढून अट नेमकी कुठे गायब झाली ते शोधा. आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने, उदय खेडकर यांच्या पुढाकाराने, कार्यशाळांतून हेच शिकवलं: एवढ्या अवाढव्य कंपायलरचा सगळा कोड वाचायची गरज नाही, टप्प्याटप्प्याचं आउटपुट वाचा. आणि शेवटी मानकातलं संबंधित कलम काढून शब्द न् शब्द वाचा. एवढं झाल्यावरही कंपायलरच चुकीचा वाटला, तर खुशाल बग नोंदवा. तेव्हा तुमच्या हातात पुरावा असेल.