हॅबिटिकासाठीची एमसीपी साधने

हॅबिटिकासाठीची एमसीपी साधने म्हणजे हॅबिटिका या खेळाच्या धर्तीवरील कार्यनियोजन ॲपमधील नोंदी एआय एजंटला वाचता व बदलता याव्यात, यासाठी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल अर्थात एमसीपी या मानकानुसार तयार केलेले संगणकीय दुवे होत. कामांची यादी पाहणे, नवे काम जोडणे, काम पूर्ण झाल्याची नोंद करणे, बक्षीस विकत घेणे इत्यादी क्रिया या साधनांद्वारे करता येतात. कोणते साधन केव्हा वापरायचे, हे एजंट त्या साधनासोबत दिलेल्या लेखी वर्णनावरून ठरवतो. त्यामुळे दस्तऐवजीकरण हा येथे केवळ वापरकर्त्यासाठीचा मजकूर नसून साधनाच्या कार्याचाच भाग असतो.

पार्श्वभूमी

हॅबिटिका हे ॲप २०१३ साली 'हॅबिटआरपीजी' या नावाने सुरू झाले. २०१५ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. त्याचा स्रोतसंकेत जीपीएल परवान्याखाली खुला आहे. ॲपमधील नोंदी चार प्रकारच्या असतात: सवयी, दैनिक कामे, एकदाच करावयाची कामे आणि बक्षिसे. काम पूर्ण केल्यास वापरकर्त्याच्या पात्राला अनुभवगुण व सोन्याची नाणी मिळतात. दैनिक काम चुकल्यास प्राणगुण घटतात. प्राणगुणांची कमाल मर्यादा ५० असते. ते शून्यावर आल्यास पात्राची एक पातळी, सर्व नाणी व एक वस्तू जाते. अनेक वापरकर्ते गट करून राक्षसाशी लढत असतील, तर एका सदस्याची चुकलेली दैनिक कामे संपूर्ण गटाला इजा पोहोचवतात.

एमसीपी हे मानक अँथ्रोपिक या कंपनीने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी जाहीर केले. भाषिक प्रतिमान व बाह्य सेवा यांच्यातील संदेशांसाठी त्यात जेसन-आरपीसी २.० हा प्रकार वापरला जातो.

रचना

एमसीपी सर्व्हर हा एजंट आणि हॅबिटिकाचा एपीआय यांच्यामधील दुभाषा असतो. एपीआयला प्रत्येक विनंतीसोबत वापरकर्त्याचा ओळखक्रमांक व गुप्त टोकन द्यावे लागते. विनंत्यांवर मिनिटाला ३० अशी मर्यादा आहे. त्यामुळे एकेका कामासाठी स्वतंत्र विनंती करण्यापेक्षा संपूर्ण यादी एकदाच मागवणे इष्ट ठरते.

प्रत्येक साधनाच्या व्याख्येत नाव, वर्णन आणि स्वीकारार्ह माहितीचा आराखडा असतो. साधन केवळ वाचणारे आहे का, नोंदी नष्ट करू शकते का, पुन्हा चालवल्यास परिणाम बदलतो का, अशा सूचनाही जोडता येतात. मात्र सर्व्हर विश्वासू नसल्यास या सूचनांवर विसंबू नये, असे मानकातच नमूद आहे.

दस्तऐवजीकरण

साधनाचे नाव सांगत नाही, पण परिणाम मात्र बदलते, अशी माहिती वर्णनात असावी लागते. हॅबिटिकाच्या संदर्भात पुढील बाबी विशेष महत्त्वाच्या आहेत.

* विश्रांती: धर्मशाळेत विश्रांती घेण्याची विनंती ही दिव्याच्या बटणासारखी उलटसुलट चालते. पहिल्या वेळी विश्रांती सुरू होते, दुसऱ्या वेळी संपते. उत्तर न मिळाल्याने एजंटने तीच विनंती पुन्हा पाठवली, तर आजारी वापरकर्त्याचे संरक्षण नकळत निघून जाऊ शकते. म्हणून आधी सद्यस्थिती तपासावी, असे वर्णनात सांगावे लागते.
* सवयींचे गुणांकन: सवयीची नोंद जितक्या वेळा केली जाते, तितक्या वेळा तिचे गुण मोजले जातात. येथेही पुनःप्रयत्न धोक्याचा असतो.
* काठिण्य: एपीआयमध्ये काठिण्य ०.१, १, १.५ व २ या अंकांनी दर्शवतात. अंकांचा अर्थ न दिल्यास 'अवघड' या शब्दासाठी एजंट मनानेच अंक निवडण्याची शक्यता असते.
* दिवसाचा आरंभ: वापरकर्ता आपला दिवस मध्यरात्रीऐवजी अन्य वेळी सुरू करू शकतो. रात्री एक वाजता सांगितलेले 'आजचे काम' कोणत्या दिवसाचे, हे या वेळेवर ठरते.

मराठीतील वापर

कामांची नावे देवनागरीत लिहिता येतात. भाषिक प्रतिमानामुळे अहिल्यानगर जिल्ह्यातील एखादा विद्यार्थी 'आजचा अभ्यास झाला' असे मराठीत सांगून नोंद करवू शकतो. तथापि काही मराठी प्रयोग संदिग्ध आहेत. 'परवा' हा शब्द गेलेला व येणारा अशा दोन्ही दिवसांसाठी वापरला जातो. नेमका अर्थ क्रियापदावरून कळतो. 'अभ्यासाचं करून टाक' या वाक्याचा अर्थ काम यादीत जोडणे असाही होतो व ते पूर्ण झाल्याची खूण करणे असाही होतो. अशा वेळी तारीख वर्ष, महिना व दिवस या क्रमाने घ्यावी आणि संदेह असल्यास वापरकर्त्याला विचारावे, असे वर्णनात स्पष्ट करणे उपयुक्त ठरते.

सुरक्षितता

टोकन हाती असलेल्या व्यक्तीला खात्यावर व्यापक नियंत्रण मिळते. त्यामुळे ते सार्वजनिक स्रोतसंकेतात किंवा संभाषणात लिहिणे टाळावे लागते. गटातील संदेश व सामायिक आव्हानांतील कामे इतरांनी लिहिलेली असतात. त्यांत दडवलेली आज्ञा एजंट वापरकर्त्याचीच समजून पाळू शकतो. काम कायमचे पुसणे किंवा नाणी खर्च करणे, अशा क्रियांपूर्वी मानवी संमती घेण्याची पद्धत यासाठी सुचवली जाते.

मर्यादा

काम खरोखर झाले की नाही, हे हॅबिटिका तपासत नाही. संपूर्ण खेळ वापरकर्त्याच्या प्रामाणिकपणावर चालतो. एजंटला यादी नीटनेटकी करण्यास सांगितले असता त्याने न झालेल्या कामांवरही खूण केली, तर गुण वाढतात, पण सवयीची नोंद निरर्थक होते. गटाच्या लढाईत अशा नोंदीचा परिणाम इतर सदस्यांच्या खेळावरही होतो. म्हणूनच 'वापरकर्त्याने काम झाल्याचे स्वतः सांगितले असेल तरच वापरावे' ही अट गुणांकनाच्या साधनाच्या वर्णनात असणे आवश्यक ठरते. अर्थात वर्णनातील अट ही सूचना असते, कुलूप नव्हे. ती एजंटकडून पाळली जाईलच अशी हमी नसल्याने महत्त्वाचे निर्बंध सर्व्हरच्या संकेतातही घालावे लागतात.

हेही पहा

* कृत्रिम बुद्धिमत्ता
* मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
* वेळेचे व्यवस्थापन