आधी पाहुणे, मग घरचे

मंडळी, आजचा विषय जरा यांत्रिक आहे, पण माझ्यासारख्या मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या मास्तरला कळला, म्हणजे तुम्हालाही कळेल.

जुना संगणक सुरू होताना डिलीटची कळ दाबली की बहुधा निळा पडदा येतो. हा बायोसचा पडदा. त्यात 'इंटिग्रेटेड पेरिफेरल्स' असे एक पान असते. आवाज, प्रिंटर, यूएसबी यांपैकी काय चालू ठेवायचे नि काय बंद, ते तिथे ठरते.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा या पानाची गरजच नव्हती. पडदा, प्रिंटर, फ्लॉपी, यांच्यासाठी वेगळी कार्डे लागत. दोन कार्डांनी एकच क्रमांक मागितला की भांडण, एका बाकासाठी दोन पोरे भांडावीत तसे. ते मिटवायला बारीक जंपर हाताने हलवावे लागत. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये बॅटरीवर जागी राहणारी थोडी स्मृती आली आणि यंत्र आपली मांडणी लक्षात ठेवू लागले.

आयबीएमने बायोसची संहिता पुस्तकात छापली होती, पण उतरवून घ्यायची कायद्याने बंदी. कॉम्पॅकने युक्ती केली. एका गटाने बायोस काय काम करतो ते लिहून काढले. ज्यांनी मूळ संहिता पाहिलीच नव्हती अशा दुसऱ्या गटाने त्यावरून नवा बायोस रचला. परीक्षेत याला कॉपी म्हणता येणार नाही! पुढे फिनिक्ससारख्यांनी असे बायोस इतरांना विकले, संगणक स्वस्त झाले आणि नव्वदीच्या दशकात एकेक कार्ड बोर्डातच सामावले. पाहुणे घरचे झाले.

आपली मराठीसुद्धा एकेकाळी पाहुणीच होती. आयआयटी कानपूरला सुरू झालेले काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले आणि जिस्ट नावाचे कार्ड बसवले की डॉसवर देवनागरी उमटू लागली. विंडोज २००० पासून ती युनिकोडमुळे आतच आली. म्हणून तर आपण ब्लॉग लिहितो.

हे सारे आठवायला निमित्त झाले ते ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाचे. आमच्या किनाऱ्यावर कित्येक दिवस वीज नव्हती. आमच्या सौ.ने धवलारणींकडून ऐकून उतरवलेले लग्नातले धवले जुन्या संगणकावर, डॉसच्या मराठी प्रोग्रॅममध्ये होते. गाणाऱ्यांपैकी आता कोणी हयात नाही. वीज आली, पण बॅटरी संपल्याने बायोस सगळे विसरून मूळपदावर गेला होता. डॉसमध्ये यूएसबी कीबोर्डची एकही कळ चालेना. "आजोबा, भंगारात द्या," असे नातू म्हणाला. माळ्यावरचा गोल पिनेचा कीबोर्ड जोडला, त्याच पानावर 'यूएसबी कीबोर्ड सपोर्ट' बंद होता तो चालू केला, नवी बॅटरी बसवली. धवले जागेवर होते. नातवाने ते युनिकोडमध्ये पुन्हा टंकले.

भिंतीवरून वीज मिळत असेल तोवर त्या बॅटरीवर भार नसतो. यंत्र काढून ठेवले की ती झिजते. तेव्हा कोणाच्या घरी असा संगणक पडून असेल, तर नाण्याएवढी सीआर २०३२ बदला, त्या पानावरची मांडणी वहीत उतरवून ठेवा आणि आतले लिखाण आधी बाहेर काढा. माणसे विचारायला राहत नाहीत, निदान त्यांचे शब्द तरी राहू देत.