न उजाडलेला दिवस : करवीरच्या छत्रपतींचा अपुरा जलप्रवास

लांबच्या जलप्रवासांतील शेवटचा दिवस इतर दिवसांसारखा नसतो. किनारा दिसूं लागला, कीं पाहिलेल्या गोष्टींचें कौतुक मागें पडतें आणि ‘आतां घरीं काय नेणार?’ हा प्रश्न पुढें उभा राहतो. ज्या काळीं समुद्र ओलांडणें हेंच धर्मबाह्य मानलें जाई, त्या काळीं तर त्याला दुसरीहि धार असे : परत आलेल्या माणसाला त्याचे लोक पंक्तीला घेतील काय? करवीरच्या एका तरुण छत्रपतींना या दोहोंपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. त्यांच्या प्रवासाचा शेवटचा दिवस समुद्रावर उजाडलाच नाहीं.

हे छत्रपति म्हणजे दुसरे राजाराम महाराज. पाटणकर घराण्यांतील नागोजीराव 1866 सालीं दत्तकविधानानें करवीरच्या गादीवर आले, तेव्हां त्यांचें वय अवघें सोळा वर्षांचें होतें. 1870 सालीं कॅप्टन एडवर्ड वेस्ट या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर ते विलायतेस गेले. महाराष्ट्रांतून विलायतेची वाट यापूर्वीं कोणी चालले नव्हते असें नाहीं. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची दाद मागण्यासाठीं रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षें तेथें खेटे घालून 1853 सालीं रिकाम्या हातानें परतले. परंतु तो प्रवास फिर्यादीचा होता. राजाराम महाराज गेले ते पाहण्यासाठीं आणि शिकण्यासाठीं. गादीवर असलेल्या हिंदु राजानें एवढ्यासाठीं समुद्र ओलांडावा, ही त्या वेळीं जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती.

त्यांनीं इंग्रजींत रोजनिशी ठेवली. कोठें गेलों, कोणास भेटलों, काय पाहिलें, याची थोडक्यांत नोंद, असें तिचें स्वरूप आहे. तिच्यांत भाषेचा डौल नाहीं. पण तेंच तिचें मोल आहे. प्रवासी पुढें सविस्तर लिहूं म्हणून आज टांचण करून ठेवतो. तें सविस्तर लिहिणें म्हणजे महाराजांच्या बाबतींत पुस्तक नव्हे, राज्यकारभार ठरला असता.

परतीच्या वेळीं यूरोप युद्धांत होता. जुलैमध्यें फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध जुंपलें आणि सप्टेंबरांत पॅरिसला वेढा पडला. त्यामुळें फ्रान्समधून येण्याची नेहमींची वाट बंद झाली आणि बेल्जियम, जर्मनी व आल्प्स पर्वत अशा आडवाटेनें मंडळी इटलींत उतरलीं. ऐन थंडीच्या तोंडाशीं झालेल्या या प्रवासांत महाराजांची प्रकृति बिघडली, आणि बोट गांठण्यापूर्वींच, 30 नोव्हेंबर 1870 रोजीं, फ्लॉरेन्स शहरांत त्यांचा अंत झाला. वय वीस वर्षांचें. फ्लॉरेन्स ही तेव्हां इटलीची राजधानी होती. मृतदेह जाळण्याची रीत त्या देशांत नव्हती. तेथें नव्या पद्धतीचें पहिलें दहन मिलानला झालें, तेंहि 1876 सालीं. तरीहि शहराच्या अधिकाऱ्यांनीं परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या वेळीं, हिंदु विधीनें महाराजांस अग्नि दिला गेला. पंचगंगेच्या घाटावर ज्यांची समाधि व्हावयाची, त्यांना परक्या मुलुखांत निदान संगम तरी लाभला.

या मृत्यूंत समुद्रोल्लंघनाचें पाप पाहणें जितकें सोपें, तितकेंच तें फोल आहे. महाराज समुद्रावर गेले नाहींत. त्यांना गांठलें तें युद्धामुळें पत्करलेल्या वाटेवरच्या आजारानें. खरी हानि कोल्हापूरची झाली. त्यांच्यामागून दत्तक आलेले शिवाजी महाराज 1883 सालीं अहमदनगर येथें वारले. शाहू महाराजांच्या हातीं अधिकार आले ते 1894 सालीं. चोवीस वर्षें करवीरच्या गादीवर स्वतः कारभार चालविणारा छत्रपति नव्हता.

अशा प्रवासांतून काय निपजूं शकतें, याचा दाखला पुढें त्याच गादीनें दिला. सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठीं 1902 सालीं शाहू महाराज विलायतेस गेले. ते तिकडे असतांनाच, 26 जुलै रोजीं, संस्थानांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवणारा त्यांचा हुकूम निघाला. शाहू महाराज परत आले. हुकूम काढणारा धनी तो अमलांत आणण्यास घरीं पोंचला. राजाराम महाराजांच्या वांट्याला नेमकें हेंच आलें नाहीं. त्यांनीं पाहिलेलें करवीरला पोंचलें तें 1872 सालीं वेस्टनें छापविलेल्या रोजनिशीच्या रूपानें. आणि ग्रंथ हा राजाची जागा घेऊं शकत नाहीं.

फ्लॉरेन्सच्या संगमावर 1874 सालीं त्यांची छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरचा टाउन हॉल व नवा राजवाडाहि त्यांचाच. 1978 सालीं जवळच आर्नोवर पूल झाला, त्याला तेथील लोकांनीं ‘हिंदी माणसाचा पूल’ असें नांव दिलें. त्यांच्या लेखीं हा कोणी एक हिंदी प्रवासी. कोल्हापुरांत मात्र 1880 सालीं निघालेलें राजाराम कॉलेज त्यांचें नांव अजून चालवीत आहे. शिकण्यासाठीं निघालेल्या आणि घरीं न पोंचलेल्या राजाचें याहून उचित स्मारक दुसरें कोणतें?