पूर्वदर्शन चित्र (वास्तुरचना सॉफ्टवेअर)

वास्तुरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः तयार केलेला घटक (दार, खिडकी, कठडा) लायब्ररीत पाहताक्षणी ओळखू यावा, यासाठी त्याच्या फाइलमध्ये साठवलेले छोटे चित्र. रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये अशा घटकाला ‘फॅमिली’ म्हणतात. तेथे चित्र वेगळे जोडावे लागत नाही. फाइल सेव्ह करताना पर्यायांमध्ये कोणते दृश्य घ्यायचे ते निवडले, की त्यावरून ते बनते. मात्र दृश्य असेल तसेच टिपले जाते. मापरेषा आणि संदर्भ-प्रतले झाकायची राहिली, तर एवढ्याशा चित्रात खिडकी कमी आणि तुटक रेघाच जास्त दिसतात. म्हणून जाणकार त्रिमितीय दृश्य तिरके फिरवून, छायांकित करून, चौकट भरेल एवढे मोठे करून मगच फाइल सेव्ह करतात. घाईत हेच हमखास राहते. हंगेरीच्या ग्राफिसॉफ्ट कंपनीच्या आर्किकॅडची रीत निराळी. तेथील वस्तू जीडीएल भाषेत लिहिलेली असते आणि बाहेर तयार केलेली प्रतिमा संपादकाच्या पूर्वदर्शन-चौकटीत चिकटवता येते. यात मोकळीक मोठी, पण वस्तूचा आकार पुढे बदलला तरी चिकटवलेले चित्र जुनेच राहते. ऑटोकॅडमध्ये अशा घटकाला ‘ब्लॉक’ म्हणतात; जुन्या ब्लॉकला चित्र नसल्यास ‘ब्लॉकआयकॉन’ ही आज्ञा ते तयार करते.